कच्चे दुवे शोधणारी यंत्रे आणि दुरुस्तीचा खर्च



३१ जुलै २०२४ रोजी देशातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांना एक विचित्र अनुभव आला. बँक बुडाली नव्हती, खात्यातील रक्कम जागच्या जागी होती. परंतु यूपीआयसारख्या माध्यमातून ती पाठवता येत नव्हती. या बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला होता आणि संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला देयक यंत्रणेपासून तात्पुरते तोडले होते. दुसऱ्याच दिवशी सेवा पूर्ववत झाली. देशातील एकूण देयक व्यवहारांत या बँकांचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे, असे त्या वेळी सांगण्यात आले. हा आकडा दिलासा देणारा असला तरी सरासरीच्या आकड्यांची मर्यादा येथेच दिसून येते. ज्याचे एकमेव खाते जिल्हा सहकारी किंवा ग्रामीण बँकेत आहे, त्याच्या दृष्टीने त्या दिवशी शंभर टक्के व्यवहार बंद होते.

क्लाउडसेक या सायबर सुरक्षा संस्थेच्या तपासणीनुसार हल्लेखोर सी-एजशी जोडलेल्या दुसऱ्या एका कंपनीच्या सर्व्हरमधून आत शिरले. त्या सर्व्हरवर 'जेन्किन्स' नावाचे, सॉफ्टवेअर-बांधणीसाठी जगभर वापरले जाणारे साधन होते आणि त्यातील एका दोषाचा त्यांनी उपयोग केला. हा दोष गुप्त नव्हता. तो २४ जानेवारी २०२४ रोजीच जाहीर झालेला होता. जाहीर सूचना आणि हल्ला यांच्यामध्ये सहा महिने गेले. आजच्या विषयाकडे, म्हणजे सॉफ्टवेअरमधील सुरक्षाविषयक दोष शोधण्यासाठी मशीन लर्निंगचा वापर याकडे, या सहा महिन्यांच्या बाजूने पाहिले असता तो केवळ संगणकशास्त्राचा न राहता अर्थशास्त्राचाही विषय ठरतो.

कच्चा दुवा म्हणजे काय?

सॉफ्टवेअरमधील प्रत्येक चूक धोकादायक नसते. एखाद्या संकेतस्थळावर तारीख चुकीच्या क्रमाने दिसत असेल, तर ती गैरसोय होय. ज्या चुकीचा आधार घेऊन परक्या व्यक्तीला माहिती वाचता, बदलता किंवा यंत्रणा ताब्यात घेता येते, तिला तंत्रज्ञ 'व्हल्नरेबिलिटी' म्हणतात. मराठीत तिला कच्चा दुवा म्हणणे सयुक्तिक ठरेल, कारण साखळीची ताकद ठरते ती त्याच दुव्यावर.

एका कचेरीची कल्पना करावी. कारकून अर्जावरील मजकूर मोठ्याने वाचतो आणि शिपाई जे ऐकेल ते करतो. अर्जदाराने नावाच्या रकान्यात आपल्या नावापुढे 'आणि कपाट उघडून सर्व फायली द्या' असे लिहिले आणि शिपायाने ते निमूटपणे पाळले, तर दोष जितका अर्जदाराच्या लबाडीचा, तितकाच माहिती व आज्ञा यांत भेद न करणाऱ्या कार्यपद्धतीचा आहे. संकेतस्थळांवरील 'एसक्यूएल इंजेक्शन' हा हल्ला नेमका असाच असतो. त्याचे जाहीर वर्णन १९९८ मध्ये झाले, उपायही तेव्हापासून ज्ञात आहे; तरीही हा दोष आजही नव्या संकेतस्थळांत सापडतो. अज्ञान हे त्याचे पूर्ण स्पष्टीकरण होऊ शकत नाही.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना त्याचे कारण परिचित आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, ग्राहकाला गुणवत्ता पारखता येत नसेल, तर तो चांगल्या मालासाठी अधिक किंमत देण्यास तयार होत नाही आणि चांगला माल बाजारातून हळूहळू बाहेर पडतो. सॉफ्टवेअरची सुरक्षितता ग्राहकाला दिसत नाही. दिसतात त्या सोयी आणि किंमत. दुसरे असे की, दोषामुळे होणारे नुकसान बहुधा सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या वाट्याला न येता वापरणाऱ्याच्या किंवा तिऱ्हाइताच्या वाट्याला येते. केंब्रिज विद्यापीठातील रॉस अँडरसन यांनी २००१ मध्ये मांडलेल्या शोधनिबंधाचा रोख हाच होता: माहितीची सुरक्षा तांत्रिक साधनांच्या अभावापेक्षा विपरीत प्रोत्साहनांमुळे ढासळते.

यात सार्वजनिक वस्तूंचा प्रश्नही मिसळलेला आहे. एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाने गाजलेला दोष ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सापडला. जगातील सुरक्षित संकेतस्थळांचा फार मोठा भाग या सॉफ्टवेअरवर विसंबून होता. मार्च २०१२ च्या आवृत्तीपासून त्यात असलेल्या या दोषामुळे कोणालाही दूरच्या सर्व्हरच्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा एका विनंतीत मागवून घेता येत असे. त्या तुकड्यात काय येईल ते नशिबावर. कधी निरर्थक अक्षरे, कधी पासवर्ड. अब्जावधींचे व्यवहार ज्याच्या भरवशावर चालत होते, त्या प्रकल्पाला तोपर्यंत वर्षाकाठी सुमारे २००० डॉलर देणगी मिळत होती. गावच्या सामायिक विहिरीचे पाणी सर्वांनी भरावे आणि गाळ काढण्यास मात्र कोणी पुढे येऊ नये, अशी ही स्थिती होती. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या घटकातील दोषाने, ज्याची तीव्रता १० पैकी १० ठरवण्यात आली, तोच धडा पुन्हा दिला. तो घटकही स्वयंसेवकांनी सांभाळलेला होता.

वादळी रात्रीपासून मशीन लर्निंगपर्यंत

दोष शोधण्याचे काम यंत्राकडे सोपवण्याची कल्पना नवी नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर वादळी पावसाच्या रात्री घरून दूरध्वनीच्या तारेने विद्यापीठाच्या संगणकावर काम करीत होते. तारेतील खरखरीमुळे त्यांच्या मजकुरात भलतीच अक्षरे मिसळू लागली आणि त्या अक्षरांनी चांगले नावाजलेले प्रोग्रॅम कोसळू लागले. मिलर यांनी हा त्रास म्हणून सोडून न देता विद्यार्थ्यांना तोच प्रयोग मुद्दाम करावयास लावला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, तपासलेल्या सुमारे ९० युनिक्स प्रोग्रॅमपैकी चतुर्थांश ते एक तृतीयांश प्रोग्रॅम वाटेल त्या अक्षरांच्या भडिमाराने कोसळले. या पद्धतीला 'फझिंग' असे नाव पडले आणि आजही ती सर्वांत भरवशाच्या पद्धतींपैकी एक आहे.

दुसरी पद्धत नियमांची. प्रोग्रॅम न चालवता त्याची संहिता वाचायची आणि 'अमुक आज्ञा तमुक तपासणीशिवाय आली तर इशारा द्यावा' असे नियम लावायचे. या मार्गाला एक सैद्धांतिक मर्यादा आहे. अ‍ॅलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या आणि हेन्री राइस यांच्या १९५३ च्या सिद्धांतांवरून असे निष्पन्न होते की, कोणत्याही प्रोग्रॅमच्या वर्तनाबद्दल अचूक आणि नेहमी उत्तर देणारा सर्वसमावेशक तपासनीस प्रोग्रॅम असूच शकत नाही. म्हणजे प्रत्येक साधन एकतर काही दोष सोडून देणार किंवा खोटे इशारे देणार, किंवा दोन्ही करणार. परीक्षेत 'कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे सर्व दोष शोधता येतील काय' असा प्रश्न आलाच, तर त्याचे उत्तर या दोन नावांपासून सुरू करता येते.

मशीन लर्निंगची तिसरी वाट येथून फुटते. नियम माणसाने लिहिण्याऐवजी यंत्राला हजारो उदाहरणे दाखवायची. ही संहिता दोषयुक्त, ही निर्दोष. आणि भेद त्यालाच शिकू द्यायचा. २०१८ मध्ये चीनमधील संशोधकांनी सादर केलेली 'व्हलडीपेकर' ही या मार्गावरील एक महत्त्वाची आरंभीची प्रणाली होय. त्यानंतर शोधनिबंधांची रीघ लागली आणि अचूकतेचे आकडेही चढत गेले.

मात्र या आकड्यांची पारख २०२४ मध्ये 'प्राइमव्हल' या नावाने तयार झालेल्या माहितीसंचाने केली. जुन्या, प्रचलित माहितीसंचावर १०० पैकी ६८.२६ गुण मिळवणाऱ्या एका भाषा-प्रारूपाला काटेकोरपणे निवडलेल्या या नव्या संचावर केवळ ३.०९ गुण मिळाले. याची कारणे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना सहज समजतील. जुन्या संचात सरावाचे प्रश्न आणि परीक्षेचे प्रश्न यांत पुनरावृत्ती होती. त्यामुळे प्रारूपाने विषय समजून घेण्याऐवजी जुन्या प्रश्नपत्रिका पाठ केल्या होत्या. शिवाय उत्तरसूचीच चुकीची होती. एखादा दोष दूर करताना प्रोग्रॅमरने ज्या ज्या भागाला हात लावला, तो प्रत्येक भाग 'दोषयुक्त' म्हणून नोंदला गेला होता, मग त्यातील काही बदल निव्वळ नीटनेटकेपणासाठी का असेनात.

उदाहरणे शुद्ध असली तरी एक अडचण उरतेच आणि ती संख्याशास्त्राची आहे. समजा, एका मोठ्या प्रणालीत १,००,००० फंक्शने, म्हणजे आज्ञांचे स्वतंत्र गट आहेत आणि त्यांपैकी १०० गटांत खरोखर कच्चे दुवे आहेत. तपासनीस प्रारूप ९० टक्के दोष पकडते आणि निर्दोष गटांपैकी केवळ २ टक्के गटांवर खोटा आळ घेते. ही कामगिरी उत्तमच म्हणावी लागेल. हाती काय येते? ९० खरे इशारे आणि ९९,९०० च्या २ टक्के म्हणजे १,९९८ खोटे. एकूण २,०८८ इशाऱ्यांत खरे ९०. म्हणजे शंभरांत जेमतेम चार. बेजच्या प्रमेयाचा हा साधा परिणाम आहे: शोधावयाची गोष्ट दुर्मीळ असेल, तर चांगला तपासनीसही बहुतेक वेळा खोटाच ओरडतो. प्रत्येक इशारा पडताळण्यास तज्ज्ञाला एक तास लागला आणि दिवसाचे ८ तास धरले, तर २६१ दिवस होतात, म्हणजे एका माणसाचे संपूर्ण वर्ष. यंत्राने केलेली तपासणी फुकट असली तरी तिची पडताळणी फुकट नाही.

पुरावा घेऊन येणारे यंत्र

२०२४ पासून परिस्थिती बदलली. त्याचे श्रेय मोठ्या भाषा-प्रारूपांना देण्यात येते आणि ते बऱ्याच अंशी रास्तही आहे. परंतु नेमके काय बदलले हे पाहणे आवश्यक आहे. मे २०२५ मध्ये एका संशोधकाने लिनक्सच्या गाभ्यातील फायली सामायिक करणाऱ्या भागाची काही संहिता ओपनएआयच्या ओ-थ्री या प्रारूपासमोर ठेवली. त्यात असलेला, संशोधकाला आधीच माहीत असलेला दोष १०० प्रयत्नांपैकी ८ वेळा सापडला. संहितेचा आवाका वाढवल्यावर १०० पैकी एकदाच. हे अपयश वाटेल. परंतु ती शंभर उत्तरे चाळताना त्या संशोधकाला कोणालाच ठाऊक नसलेला एक निराळा, खरा दोषही आढळला. यंत्राचा कौल अधूनमधून अचूक असतो. तो अचूक केव्हा आहे हे मात्र जाणकार माणसालाच कळले.

हे ओळखण्याचे कामही यंत्राला कसे देता येईल? यावरचा उपाय मिलर यांच्या वादळी रात्रीकडे परत नेतो. प्रारूपाने केवळ 'येथे दोष असावा' असे न म्हणता, ज्या मजकुराने प्रोग्रॅम कोसळतो तो मजकूरच तयार करून दाखवायचा. प्रोग्रॅम कोसळला तर दावा सिद्ध, न कोसळल्यास दावा बाद. गूगलच्या 'बिग स्लीप' या उपक्रमाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एसक्यूलाइट या, जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असलेल्या माहितीकोश-प्रणालीतील एक दोष अशा रीतीने शोधला. तो विकसनशील आवृत्तीत असतानाच त्याच दिवशी दुरुस्त झाला. वापरकर्त्यांपर्यंत पोहोचलाच नाही. त्याच कंपनीच्या 'ओएसएस-फझ' या, २०१६ पासून चाललेल्या उपक्रमात भडिमाराच्या चाचण्या लिहिण्याचे काम प्रारूपांना दिल्यावर नोव्हेंबर २०२४ पर्यंत २६ नवे दोष निघाले. त्यांतील एक ओपनएसएसएलमधील होता आणि बहुधा दोन दशके तेथे पडून होता. हार्टब्लीडनंतर ज्या संहितेकडे सर्वांचे लक्ष लागले होते, तिच्यातही तो टिकून राहिला हे विशेष.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या 'डार्पा' या संरक्षण संशोधन संस्थेने दोन वर्षे चालवलेल्या स्पर्धेची अंतिम फेरी झाली. सात चमूंच्या स्वयंचलित प्रणालींनी मिळून ५ कोटी ४० लाख ओळींची संहिता तपासली. आयोजकांनी मुद्दाम पेरलेल्या दोषांपैकी ५४ शोधले गेले, ४३ दुरुस्तही केले गेले. शिवाय न पेरलेले, खरेखुरे १८ दोष उघड झाले. प्रत्येक कामगिरीचा सरासरी खर्च आला सुमारे १५२ डॉलर, म्हणजे तेरा हजार रुपयांच्या आसपास. विजेत्यांच्या पारितोषिकांपेक्षा हा आकडा अधिक महत्त्वाचा मानावयास हवा, कारण त्यावरून शोधाची किंमत कोणत्या दिशेने जात आहे हे स्पष्ट होते.

ही पद्धत सर्वत्र चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. २०१९ मध्ये अमेरिकेतील फर्स्ट अमेरिकन फायनान्शियल या मालमत्ता-विमा कंपनीच्या संकेतस्थळावरील सुमारे ८८.५ कोटी दस्तऐवज, पत्त्याच्या ओळीतील एक क्रमांक बदलला की कोणालाही पाहता येत होते. तेथे काहीही कोसळत नव्हते. संकेतस्थळ अगदी सुरळीत चालत होते आणि तेच दुखणे होते. कोणी काय पाहावे हा नियम संहितेत लिहिलेला नव्हता, तो संस्थेच्या व्यवहारात होता. शासकीय योजनांच्या लाभार्थी-याद्या, विद्यार्थ्यांचे निकाल, रुग्णांचे अहवाल यांच्या संकेतस्थळांत याच जातीचा दोष सर्वाधिक संभवतो. आणि यंत्राला तो ओळखावयाचा असेल, तर नियम आधी माणसाने स्पष्ट शब्दांत लिहावे लागतात.

शोध स्वस्त, दुरुस्ती महाग

शोधाची किंमत उतरली की शोधांची संख्या वाढणार, हे मागणी-पुरवठ्याच्या पहिल्या धड्यातच येते. प्रश्न असा की, वाढलेला पुरवठा स्वीकारतो कोण? 'कर्ल' हे इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणारे मुक्त सॉफ्टवेअर मोटारींपासून दूरचित्रवाणी संचांपर्यंत अब्जावधी ठिकाणी बसवलेले आहे. त्याचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२५ च्या मध्यास नोंदवले की, त्या वर्षी आलेल्या सुरक्षाविषयक तक्रारींपैकी सुमारे २० टक्के तक्रारी कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेला निव्वळ कचरा होत्या आणि खऱ्या ठरलेल्या तक्रारी ५ टक्क्यांच्या आसपास होत्या. पाठवणाऱ्याला खर्च शून्य, वाचणाऱ्याचे तास खर्ची. निनावी अर्जांच्या ढिगाऱ्यात खरी तक्रार हरवण्याचा अनुभव आपल्या कचेऱ्यांना नवा नाही. अखेर दोष कळवणाऱ्यांना बक्षीस देण्याची या प्रकल्पाची योजना जानेवारी २०२६ अखेर बंद करण्यात आली.

परंतु याच कहाणीची दुसरी बाजूही आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एका जाणकार संशोधकाने कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरून याच सॉफ्टवेअरमधील उणिवांची यादी पाठवली, तेव्हा तिच्या आधारे जवळपास ५० दुरुस्त्या झाल्या आणि स्टेनबर्ग यांनी तिचे जाहीर कौतुक केले. साधन तेच, फरक ते कोणाच्या हाती आहे आणि पाठवण्याआधी पडताळणी कोणी केली, यात होता. तेव्हा बक्षिसाऐवजी पडताळणीला किंमत द्यावी, असा निष्कर्ष यातून काढता येईल.

दोष दुरुस्त झाल्यानंतरही काम संपत नाही. सुधारित आवृत्ती जाहीर होणे म्हणजे जुन्या आवृत्तीत काय बिघडले होते याची जाहिरात होणे. जुनी आणि नवी संहिता शेजारी ठेवून फरक वाचणे हे यंत्रासाठी सोपे काम आहे आणि हल्लेखोरांकडेही तीच यंत्रे आहेत. गूगलच्या मालकीच्या मँडियंट या संस्थेच्या अभ्यासानुसार, दोषावरील दुरुस्ती आणि त्या दोषाचा गैरवापर यांतील सरासरी अंतर २०१८-१९ मध्ये ६३ दिवसांचे होते, २०२१-२२ मध्ये ३२ दिवसांवर आले आणि २०२३ मध्ये ते ५ दिवसांवर आले. २०१७ मध्ये अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमापन संस्थेने अपाचे स्ट्रट्समधील दोषाची ७ मार्चला निघालेली दुरुस्ती वेळेवर बसवली नाही. मे ते जुलै या काळात सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. तेथे दोष शोधणारे यंत्र असते तरी काय फरक पडला असता? दोष तर सापडलेलाच होता.

सामायिक यंत्रणांवरही हा ताण दिसतो. जगभरातील सॉफ्टवेअर-दोषांना 'सीव्हीई' क्रमांक देण्याची पद्धत १९९९ पासून आहे. २०२४ मध्ये असे ४० हजारांहून अधिक क्रमांक दिले गेले. या दोषांचे विश्लेषण करणाऱ्या अमेरिकी राष्ट्रीय माहितीकोशाचे काम त्याच वर्षी फेब्रुवारीपासून मागे पडले आणि अनुशेष साचला. एप्रिल २०२५ मध्ये तर क्रमांक देणाऱ्या संस्थेचे कंत्राटच संपण्याच्या बेतात होते, ते ऐनवेळी ११ महिन्यांनी वाढवण्यात आले. साऱ्या जगाची व्यवस्था एका देशाच्या एका कंत्राटावर टांगलेली असावी, ही गोष्ट भारतासारख्या देशाने गांभीर्याने घ्यावयास हवी.

भारतापुढील प्रश्न

भारताची जबाबदारी आकारमानानेच मोठी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवरील मासिक व्यवहारांची संख्या प्रथमच २,००० कोटींच्या पुढे गेली. संस्थात्मक चौकट अस्तित्वात आहे. २००४ पासून कार्यरत असलेली 'सर्ट-इन' ही संस्था माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब अन्वये सायबर घटनांसाठीची राष्ट्रीय यंत्रणा आहे. अत्यावश्यक माहिती-संरचनेसाठी कलम ७०-अ खाली स्वतंत्र केंद्र २०१४ मध्ये स्थापन झाले. २०२१ पासून सर्ट-इनला स्वतः सीव्हीई क्रमांक देण्याचा अधिकारही आहे. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती ६ तासांत कळवणे आणि नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक झाले. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अँडरसन यांनी दाखवलेली विपरीत प्रोत्साहने सरळ करण्याचा हा प्रयत्न होय.

तथापि शोधणाऱ्याची कायदेशीर स्थिती अद्याप अवघड आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ मालकाच्या परवानगीविना यंत्रणेत प्रवेश करणाऱ्यास नुकसानभरपाईस पात्र ठरवते आणि तेच कृत्य अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केले असेल, तर कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कलम ४३ मध्ये हेतूचा विचार नाही. एखाद्या अभियांत्रिकी विद्यार्थिनीने महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर क्रमांक बदलून पाहिला, दुसऱ्याची गुणपत्रिका दिसली आणि तिने ती चूक प्रामाणिकपणे कळवली, तरी ती या कलमाच्या कक्षेबाहेर निश्चितपणे राहील असे म्हणता येत नाही. अमेरिकेच्या न्याय विभागाने मे २०२२ मध्ये सद्हेतूने केलेल्या संशोधनावर खटले न भरण्याचे धोरण जाहीर केले. त्याच वर्षी भारतात आधार प्राधिकरणाने दोष-शोधासाठी निवडक २० तज्ज्ञांची नोंदणी करण्याचे ठरवले. पाऊल योग्य दिशेचे असले तरी ते परवानगीच्या चौकटीतील आहे. यंत्राच्या साहाय्याने शोध घेणाऱ्यांची संख्या वाढत असताना कायद्यात सद्हेतूचे स्पष्ट संरक्षण नसेल, तर प्रामाणिक माणूस गप्प राहील आणि अप्रामाणिक माणसाला स्पर्धक उरणार नाही.

खर्चाचा विचार शेवटी लहान संस्थांपाशी येऊन थांबतो. देशात सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँका आहेत आणि त्यांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. यांतील बहुतेकांना दोष शोधणाऱ्या प्रणालीची वर्गणी परवडेलही; तिच्या २,०८८ इशाऱ्यांना उत्तर देणारा माणूस परवडणार नाही. हे काम एकेका बँकेने करण्यापेक्षा सामायिक पातळीवर करणे अर्थशास्त्रीय दृष्ट्या योग्य ठरते, कारण त्यांचे सॉफ्टवेअरही बहुधा सामायिकच असते. मार्च २०२४ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सुरू झालेल्या राष्ट्रीय छत्रसंस्थेकडे तंत्रज्ञान-साहाय्याचे काम आहे. इशाऱ्यांची पडताळणी आणि दुरुस्त्या बसवणे हे तिच्या कामाचे मध्यवर्ती अंग व्हावे, अशी अपेक्षा अवाजवी नाही. नव्या यंत्रांच्या खरेदीसाठी अंदाजपत्रकात तरतूद सहज होते. देखभालीसाठी ती होत नाही, हा पाटबंधाऱ्यांपासून रस्त्यांपर्यंतचा आपला जुना अनुभव आहे.

यासाठीचे एक साधे साधन आधीच उपलब्ध आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्ट-इनने सॉफ्टवेअरच्या घटक-यादीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि जुलै २०२५ मध्ये ती विस्तारली. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा, साखर, तेल लिहिलेले असते, त्याप्रमाणे कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये इतरांनी लिहिलेले कोणते घटक, कोणत्या आवृत्तीचे आहेत, याची ही यादी असते. अशीच नोंद बँकेला सेवा पुरवणाऱ्या कंपनीने आणि तिला जोडलेल्या दुसऱ्या कंपनीने आपल्या सर्व्हरवरील साधनांबाबतही ठेवली असती, तर जानेवारी २०२४ मध्ये जेन्किन्स कोठे बसवले आहे आणि त्याची आवृत्ती कोणती आहे, हे काही मिनिटांत कळले असते. सुधारित आवृत्ती २४ जानेवारीलाच, दोष जाहीर झाला त्याच दिवशी, विनामूल्य उपलब्ध झालेली होती.